नारळाचे एकावन्न

“फोन दे म्हणलं ना!”

“न्हाई देत. काय करायचं ते करा.”

“अगं, तो माणूस तिकडं पैसे घेऊन बसलाय. सकाळपासून तीनदा फोन आला त्याचा. आता त्याला काय सांगू? आमच्या घरातली बाई फोन देत न्हाई म्हणून?”

“सांगा की. खरंच हाय ते.”

रामरावने चहाचा कप ओसरीच्या फरशीवर आपटला. उषाबाईने आधी कपाकडे पाहिलं. तो फुटला नव्हता. मग ती खाली वाकून पुन्हा घमेल्यातली पेंड कालवायला लागली. फोन तिच्या कमरेच्या कापडी पिशवीत होता आणि पिशवीच्या बंदाला तिने आज दोन गाठी मारल्या होत्या.

“माय, तू उगं वाढवून राह्यली,” सोमेश्वर दारात टेकून म्हणाला. “काल बराबर झालं ना सगळं? तूच बघितलं ना तुझ्या डोळ्यांनी? एकावन्न गेले अन् एकशे दोन आले.”

“म्हणूनच देत न्हाई. काऊन आले एकशे दोन?”

“त्याची रीत हाय तशी!” रामराव पुन्हा ओरडला.

“त्याची रीत त्याच्यापाशी.”

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सून शीतल उभी होती. हातात लाटणं होतं. ती म्हणाली, “आत्याबाई, मी काय म्हणते, त्या माणसाला आधी इथं येऊन—”

“तू मधी बोलू नको,” उषाबाई मान वर न करता म्हणाली. “जनावराच्या सौद्यात तोंड घालायच्या आधी शेणात हात घाल.”

शीतल आत गेली. लाटणं पोळपाटावर जरा जास्तच जोरात वाजायला लागलं.

भांडण शेवंतीवरून होतं. शेवंती म्हणजे गोठ्यातली तिसऱ्या वेताची म्हैस, दोन्ही वेळचं मिळून अकरा लिटर दूध देणारी. ती विकायची हे महिन्यापूर्वीच ठरलं होतं आणि उषाबाईनेही त्याला हो म्हटलं होतं. सोमेश्वर जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात होता. तिथे पाळ्या कमी झाल्या होत्या, आठवड्यातले तीन दिवस तो घरीच असायचा. त्याला जुना टेम्पो घ्यायचा होता. उषाबाईचे गुडघेही आता दोन म्हशी आणि एका तरण्या वगारीचं काम ओढत नव्हते. विकण्याला तिची ना नव्हती. तिची ना सोमेश्वरच्या पद्धतीला होती.

बाजारात न्यायची तर गाडीचा खर्चा, दलालाचा खर्चा, दिवस मोडतो ते वेगळंच, असं म्हणून सोमेश्वरने शेवंतीचे चार फोटो काढून मोबाइलवरच्या जनावरं खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर टाकले. वेत, दूध, वय, भाव, गाव, खाली स्वतःचा नंबर. “राजूरपासून चार किलोमीटर” असंही त्याने लिहिलं, कारण राजूरचा गणपती सगळ्यांना माहीत असतो. दोन दिवस नुसतेच रिकामटेकडे फोन आले. एकाने निम्म्या भावात मागितली, एकाला म्हशीऐवजी रेडकूच पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी राजानंद नावाच्या माणसाचा फोन आला. परभणीकडे आपली डेअरी आहे, एकदम सहा म्हशी घ्यायच्या आहेत, तुमची फोटोत पाहूनच पसंत पडली, असं तो म्हणाला. भाव लिहिला होता तेवढाच कबूल केला. वर रामरावला काका म्हणाला, घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली.

रामरावला तिथेच भरून आलं. तो मोकळ्या मनाने बोलत बसला, आणि बोलता बोलता त्याने घरातली एक रीत त्या माणसाला सांगून टाकली.

या घराण्यात जनावर विकलं की विकणारा घेणाऱ्याच्या हातावर नारळाचे पैसे ठेवतो. रामरावच्या आजोबांच्या वेळी सव्वा रुपया होता, आता एकावन्न. दावणीचं जनावर दुसऱ्याच्या दारात जातंय, तिथे त्याचं बरं व्हावं म्हणून घेणाऱ्याने त्या पैशांचा नारळ घेऊन आपल्या गोठ्यात फोडायचा. नारळाचे पैसे दिले नाहीत तर सौदा पुरा झाला असं रामराव मानतच नाही. एकदा एक माणूस गाय घेऊन घाईने निघून गेला तेव्हा रामराव एकावन्न रुपये हातात धरून त्याच्या टेम्पोमागे मोटरसायकलवर देऊळगावपर्यंत गेला होता. हे तो अजूनही कौतुकाने सांगतो.

राजानंदने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अरे वा काका! आमच्यातही हेच आहे. फक्त आमच्याकडं घेणारा दुप्पट परत करतो. तुम्ही मला नारळाचे आत्ताच पाठवा, मी लगेच दुप्पट टाकतो. म्हणजे सौदा पक्का. मग उद्या इसाराचे वीस हजार आगाऊ, परवा गाडी.”

काल संध्याकाळी उषाबाईच्या फोनवरून सोमेश्वरने एकावन्न रुपये पाठवले. पाचव्या मिनिटाला एकशे दोन जमा झाले. रामराव फोन हातात घेऊन शेजारच्या रखमाजीकडे गेला. आजच्या जगात असा माणूस सापडत नाही, परका असून रीत पाळतो, असं त्याने रखमाजीला दोनदा ऐकवलं. रखमाजीने फोनकडे पाहिलं आणि तंबाखू मळली.

उषाबाईला तेव्हापासूनच झोप नव्हती. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं. तिला म्हशीतलं कळत होतं, आणि म्हैस घ्यायला येणारा माणूस कसा असतो ते कळत होतं.

“भाव केला का त्यानं?” पेंडीचं घमेलं उचलता उचलता तिने आता रामरावला विचारलं.

“न्हाई केला. मोठा माणूस हाय, दहा-पाच रुपड्यांसाठी घासाघीस करत न्हाई.”

“म्हशीची खोड इचारली?”

“काय खोड? खोड हाय का तिला?”

“हाय का न्हाई ते नंतर. इचारली का? सड किती बारीक, पान्हा कधी घालती, परक्या हाताला दूध देती का, अंगावर येती का? तुमच्या सगळ्या जन्मात म्हशीची खोड न इचारता कोणी म्हैस घेतली?”

“फोटो बघितला ना त्यानं.”

“फोटोला सड दाबून बघता येतं का?”

रामराव गप्प झाला. पण गप्प झालेला रामराव ऐकलेला रामराव नव्हता, हे तिला चौतीस वर्षांत पुरतं कळलेलं होतं.

आणि ते खातं. राजानंदला पैसे पाठवायचे होते ते उषाबाईच्या खात्यात, कारण तिने पहिल्याच दिवशी अट घातली होती की म्हशीचा पैसा म्हशीच्याच खात्यात येईल. म्हशीचं खातं म्हणजे दुधाचं खातं. ते तिच्या नावावर होतं, ते कोणाच्या चांगुलपणाने नव्हे. अकरा वर्षांपूर्वी गावात दूध संकलन केंद्र सुरू झालं तेव्हा रामरावचं केंद्राच्या सचिवाशी भांडण झालं. सचिव दुधात पाणी आहे म्हणाला. रामरावने शपथ घेतली की या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. मग दूध घालायला कोण जाणार? उषाबाई गेली. सभासद तिलाच व्हावं लागलं, पासबुकही तिच्याच नावाचं निघालं. रामरावच्या रुसव्यातून तिला मिळालेली ही एकच गोष्ट.

त्या दिवसापासून पहाटे आणि संध्याकाळी, लग्न असो की मयत, दोन किटल्या घेऊन ती केंद्रावर उभी. फॅट कमी लावली की ती तिथेच सगळ्यांच्या देखत यंत्र पुसायला लावायची, दुसऱ्यांदा मोजायला लावायची. केंद्रावरची पोरं तिला लांबून येताना पाहिलं की एकमेकांना कोपर मारायची. कोणी तिला गोड बाई म्हटलं नाही. तिलाही ते नको होतं. घर रामरावच्या नावावर होतं, शेत रामराव आणि त्याच्या भावाच्या नावावर. त्या खात्यात मात्र आज जे काही अडतीस हजार होते, त्यातला एकेक रुपया कशाचा ते तिला तोंडपाठ सांगता आलं असतं. वगारीसाठी नवा पत्र्याचा गोठा बांधायचा होता तिला त्यातून.

फोनवर पैशांचं ॲप सोमेश्वरने बसवून दिलं होतं. त्याचा चार आकडी पिनही त्यानेच टाकला होता. उषाबाई त्याचा एकच उपयोग करायची. राजूरला सोहनशेठच्या दुकानातून पेंड आणि सरकी घेतली की भिंतीवरच्या चौकोनी नक्षीवर फोन धरायचा, आकडा टाकायचा, दुकानातल्या डबीतून बाई बोलली की पोतं उचलायचं.

साडेनऊ झाले. गोठा आवरून तिने अंघोळीचं पाणी काढलं. न्हाणी मागच्या अंगणात होती. पिशवी कमरेला ठेवून अंघोळ होत नाही. तिने गाठी सोडल्या आणि पिशवी न्हाणीबाहेरच्या खुंटीला, वाळत घातलेल्या लुगड्याच्या आड टांगली. आत गेल्यावर तिला वाटलं, आत घ्यायला पाहिजे होती. पण मागच्या वर्षी असाच एक फोन बादलीत पडला होता.

डोक्यावरून दोन तांबे घेतले असतील, तोच घरातून फोनची ओळखीची टिंग ऐकू आली. तिने तिसरा तांब्या घेतलाच नाही.

ओलं लुगडं अंगाला गुंडाळून ती बाहेर आली. खुंटीवर पिशवी होती, चपटी. ती तशीच, केसांतून पाणी गळत असताना, मधल्या खोलीत शिरली.

तिघं उभी होती. शीतलने सोमेश्वरचा फोन दोन्ही हातांनी आरशासारखा समोर धरला होता. त्याच्यावर सोहनशेठच्या भिंतीवर असते तसली चौकोनी नक्षी होती. सोमेश्वर उषाबाईचा फोन त्या नक्षीसमोर नेत होता. रामराव चष्मा लावून मधे वाकला होता. शीतलच्या हातातल्या फोनमधून आवाज येत होता, “हां, तसंच धरा, हलवू नका, जल्दी करा.”

“काय करून राह्यला रं?”

सोमेश्वर दचकला. “काही न्हाई माय. झालंच. एकदा केलं ते जरा उलटं गेलं. आता परत केलं का दोन्ही संगंच येतात.”

“उलटं म्हणजे?”

“म्हणजे... इसाराचे वीस यायचे होते, ते आपल्यातून गेले. सर्व्हरची गडबड हाय. हा म्हणतो, खात्यात अठरा उरले ना, आता अठराचं करा, म्हणजे अडतीस जमा होतील.”

उषाबाईने पुढे होऊन फोन त्याच्या हातातून ओढला. त्याने एक क्षण सोडला नाही. आईच्या आणि मुलाच्या हातात तो फोन दोन्हीकडून ताणला गेला. मग तिच्या ओल्या हाताची नखं त्याच्या मनगटाला लागली आणि त्याने सोडला. तिने तो डाव्या मुठीत आवळला. मग शीतलच्या हातातला दुसरा फोन घेतला आणि तोंडाशी धरला.

“हॅलो? काका? झालं का?”

“काका न्हाई. म्हशीची मालकीण बोलतेय.”

“हां काकू, नमस्कार! जरा मिष्टेक झाली बघा आमच्या मॅनेजरची. तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका. एकदा स्कॅन करा, दोन मिनिटात—”

“म्हैस कितव्या येताची हाय?”

“काय?”

“म्हैस. कितव्या येताची घेऊन राह्यले तुम्ही?”

“ते... ते आमचा डॉक्टर बघतो काकू. मला पसंत आहे.”

“मागचं डावं सड बारीक हाय तिचं. चालंल?”

“चालेल, चालेल.”

“लाथ मारती. एक बाई दवाखान्यात हाय.”

“काही हरकत नाही काकू, आमच्याकडं माणसं आहेत.”

“आन् आज पहाटे मेली ती.”

पलीकडे कुठेतरी पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

“काकू, तुम्ही आधी स्कॅन तर करा,” तो म्हणाला.

उषाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. रामरावने चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने काचा पुसायला लागला.

“मेलेली म्हैस पण चालती का रं तुला, भाड्या?” ती फोनमध्ये म्हणाली. “कोणत्या डेअरीत घालतो तिचं दूध?”

आवाज पालटला. “ए म्हातारे, वीस हजार परत पाहिजेत का नको? नीट बोल. पैसे माझ्याकडं आहेत.”

“असतील. तेवढ्यावरच भागव. आणखी एक रुपया भेटणार न्हाई.”

त्याने एक शिवी दिली. तिने त्याच्या आईला मधे न आणता त्याच्यापुरती, पण पुरेशी लांब शिवी परत दिली. फोन बंद झाला.

आणि लगेच रामराव उसळला. “तोडलं? तोडून टाकलं? आता कशाचा परत देतो तो! गोडीनं बोलली असती तं निदान इचार केला असता त्यानं. तुझं तोंडच असं! त्या सचिवाशी असंच, सोयऱ्यांशी असंच—”

“सचिवाशी तुम्ही भांडले.”

“मी भांडलो, पण शिवी दिली न्हाई! तो माणूस रीतीचा होता. दुप्पट दिले त्यानं नारळाचे!”

“आहो, नारळाचे पैसे समोरच्या हातावर ठेवायचे असतात!” उषाबाईचा आवाज पहिल्यांदाच चढला. “समोर घेणारा उभा पाहिजे. त्याच्या हातात दावं पाहिजे. मंग द्यायचे. तुमच्या आजोबांनी कधी कोणाला सव्वा रुपया आधी धाडून दिल्ता? रीत तुमची, आन् तुम्हालाच ठावं न्हाई ती. त्या मेल्यानं दोन वाक्यात शिकून घेतली, आन् तुम्हालाच इकली!”

रामराव खुर्चीवर बसला.

ती सोमेश्वरकडे वळली. “आन् तू. सोहनशेठच्या दुकानात भिंतीला हीच नक्षी हाय ना? आपण तिच्यावर फोन धरतो. मंग पैसे आपले जातात का शेठचे येतात? दोन वर्षं झाली, मला कधी सोहनशेठनं पैसे दिले का रं पेंडीबरोबर? नक्षीवर फोन धरून चार आकडे टाकले का पैसे जातातच. येणाऱ्या पैशाला आकडे कशाला लागतील? दुधाचा पगार जमा होतो तेव्हा मी आकडे टाकते का?”

“तो म्हणला, व्यापाऱ्याच्या खात्यातून असंच असतं,” सोमेश्वर पुटपुटला.

“तो म्हणला.”

“मला टेम्पोवाल्याला आज इसार द्यायचा होता, माय.”

“म्हणून माझ्या अंघोळीची वाट पाहिली.”

त्याने मान खाली घातली. मनगटावर तिच्या नखांचे दोन लाल ओरखडे होते. आणि तेव्हा शीतल बोलली. भिंतीला टेकून, कोणाकडेही न पाहता.

“मला दिसत होतं.”

“काय?”

“मी समोरच उभी होते ना. तुमच्या फोनवर ठसठशीत अक्षरात आलं होतं, पैसे देताय म्हणून. खाली त्या माणसाचं नाव. ते राजानंद नव्हतंच, भलतंच काहीतरी होतं. वीस हजार आकड्यात होते आणि अक्षरातही होते.”

सोमेश्वर एकदम तिच्या अंगावर गेला. “मंग बोलली का न्हाई? मुकी झाल्ती का?”

“कोणाला बोलू?” शीतल तिथून हलली नाही. “तुम्हाला? तुम्ही म्हणालात, हात हलवू नको, गप उभी राहा. मामांना? मामांनी रात्री मला सांगितलं, बायकांना सौद्यातलं कळत नाही. आत्याबाईंना? सकाळीच बोलायला आले होते मी. शेणात हात घाल म्हणाल्या.” तिने पदर खोचला. “आणि खरं सांगू का? मला वाटलं, जाऊ द्या. एकदा जाऊच द्या यांचे.”

सोमेश्वरचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. उषाबाई दोघांच्या मधे आली. तिच्या लुगड्यातून पाणी गळून फरशीवर थारोळं झालं होतं.

“हात खाली,” ती म्हणाली. त्याने घेतला.

मग तिने सुनेकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी ही पोरगी जालन्यातल्या मस्तगडच्या दोन खोल्यांच्या घरातून इथे आली होती. बारावी झालेली, हाताला शेण लागू न देणारी. उषाबाईने तिला राणी म्हटलं, शहरातलं फूल म्हटलं, पाहुण्यांसमोर म्हटलं. पोरीने कधी उलट उत्तर दिलं नाही. आज तिने हे दिलं. वीस हजारांचं.

तिच्या थोबाडीत द्यावी असं उषाबाईच्या मनात आलं. मग दुसरंच काही आलं, आणि ते काही केल्या जाईना.

लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा रामराव आणि सासरे बैल घेणार होते. बैल दारात आणून दाखवला होता. उषाबाई पाणी द्यायला बाहेर आली आणि तिने पाहिलं की डावीकडून माशी डोळ्यावर बसली तरी बैल पापणी हलवत नाही. तिच्या माहेरी जनावरंच जनावरं होती, तिला लगेच कळलं. पण सकाळीच सासूने चारचौघीत म्हटलं होतं, आईनं तोंड दिलं पण त्याला झाकण द्यायला इसरली. उषाबाईने पाणी दिलं, तांब्या घेतला आणि आत गेली. सौदा झाला. तो बैल सहा वर्षं एका डोळ्याने औत ओढत राहिला, आणि प्रत्येक वाकडं तास पाहताना तिला मनातून जे बरं वाटायचं ते तिने आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

“फोन लावता येतो का कुठं?” तिने शीतलला विचारलं. “असले पैसे गेले तं?”

“एकोणीसशे तीस,” शीतल म्हणाली. “कोणालाही फोन लावताना ती बाई सांगते ना मधे. लवकर लावला तर पैसे पुढं जायच्या आधी अडवता येतात कधी कधी. बँकेतही सांगावं लागेल.”

“लाव.”

शीतल ओसरीच्या टोकाला जाऊन बसली. पाऊण तास ती फोनवर होती. खातं कोणाचं, बँक कोणती, किती वाजून किती मिनिटांनी, समोरच्याचा नंबर काय, पैसे गेल्याच्या मेसेजमधला लांबलचक आकडा काय. तिने एकही गोष्ट सोमेश्वरला विचारली नाही, सगळं स्वतः फोनमध्ये शोधून सांगितलं. राजानंदचे मेसेज, ती नक्षी, त्याचा नंबर, यातलं काहीही पुसायचं नाही असं तिने फोन सुरू असतानाच नवऱ्याला हाताने खुणावलं, कारण तो तेच करत होता. मग तिने बँकेला फोन केला. उषाबाईला शेजारी बसवून तिच्या तोंडून जन्मतारीख वदवून घेतली. पिन बदलायला लावला. नवे चार आकडे टाकताना उषाबाईने स्क्रीनवर हात आडवा धरला, तेव्हा शीतलनेच मान फिरवली.

“अठरा हजार जागेवर आहेत,” ती म्हणाली. “वीसचं नक्की सांगता येत नाही. तक्रारीचा नंबर दिलाय. उद्या पोलीस ठाण्यात कागद न्यावे लागतील.”

रखमाजी कुंपणापाशी येऊन उभा होता. आरडाओरडा ऐकून आला असणार. “काय झालं व्हय?” त्याने विचारलं.

“काही न्हाई,” रामराव आतून म्हणाला.

“वीस हजाराला फसलो,” उषाबाई ओसरीवरून म्हणाली. “रीत पाळणारा माणूस होता ना कालचा, त्यानं फसवलं. गावच्या ग्रुपात सगळ्यांना सांगा, नंबर शीतल देईल.”

रामराव बाहेर आला. तोंड काळंठिक्कर पडलं होतं. “गावभर करायची गरज होती का?”

“काल एकशे दोन गावभर केले ना तुम्ही? मंग आज हे.”

दुपारी सगळी जेवायला बसली. वाढताना शीतलने सासूच्या ताटात भाकरी ठेवली ती जरा वरून टाकल्यासारखी ठेवली, आणि उषाबाईने ती तशीच खाल्ली. रामरावने निम्मंच खाल्लं. सोमेश्वरच्या फोनवर टेम्पोवाल्याचा फोन येत होता. तो कट करत होता, परत येत होता.

उषाबाईने ताट सरकवलं, पाणी प्याली आणि बोलायला लागली. आवाज चढवला नाही.

“ऐका. मी एकदाच सांगणार हाय. म्हैस इकायची ती इकायचीच, पण फोनवरून पैसा द्यायचा न्हाई का घ्यायचा न्हाई. फोटो ठेवायचा तं ठेव, पण घेणारा इथं येईल. दोन येळच्या धारा बघील, सडं दाबील, भाव करील. पैसे बँकेत भरील, मेसेज आला म्हणून न्हाई, पासबुकात उठले म्हणून दावं सुटंल. सौदा शीतल करील. काय इचारायचं ते मी तिला शिकवीन. ती न्हाई म्हणली तं न्हाई.”

“मी?” शीतलच्या हातातली वाटी थांबली. “आत्याबाई, मला नाही जमणार ते. आणि मला करायचंही नाही.”

“मी जमतं का इचारलं न्हाई. सकाळी तू जे केलं ते मी इसरणार न्हाई, तूबी इसरू नको. उद्या पहाटेपासून माझ्याबरोबर गोठ्यात यायचं.”

“सोम्याची माय, माझ्या घरात जनावराचा सौदा सून करणार?” रामराव म्हणाला. “लोक काय म्हणतील?”

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. सोमेश्वरचा फोन पुन्हा वाजत होता.

“उचल तो,” ती म्हणाली, “आन् सांग त्याला. वीस हजार सुटेपर्यंत दुधाच्या खात्यातून काही भेटणार न्हाई, आन् म्हशीच्या पैशातून आधी ते भरले जातील. टेम्पो घ्यायचा न्हाई.”